"मामा, बोटीवर इन्सुलिन ठेवता कुठे?"



आपल्या एका तांडेलमामांची साखर गेल्या मोसमात काही केल्या खाली येईना. इन्सुलिन वेळेवर, जेवण बेताचं, तरी दर्यावरून परतले की मीटर तीनशेच्या वर. डॉक्टरांनी डोस वाढवला. शेवटी नवी बाटली घ्यायला गेले, तेव्हा फार्मसीतल्या ताईंनी सहज विचारलं, "मामा, बोटीवर ही ठेवता कुठे?"

"बर्फात, मासळीजवळ. थंडच ठेवायची ना?"

तिथेच उलगडा झाला. इन्सुलिन थंड हवं हे खरं, पण एकदा गोठलं की ते वाया गेलं. वितळल्यावर दिसायला पूर्वीसारखंच दिसू शकतं, म्हणून बघून कळत नाही. आणि बर्फात खारं पाणी मिसळलं की तो किती थंड होतो, हे आपल्याला कोणी सांगायला नको! न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांना ठेवायची. वापरात असलेली बहुतेक इन्सुलिनं ३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे बाहेर टिकतात, नेमके दिवस पाकिटातल्या कागदावर असतात. बोटीवर ती ऊन आणि इंजिनची धग यांपासून लांब हवी. फार उकाडा असेल तर कापडात गुंडाळून डब्यात, बर्फाला न टेकता.

ताई एवढ्यावर थांबल्या नाहीत. वाढवलेला डोस खराब इन्सुलिनवर ठरला होता. तोच डोस चांगल्या इन्सुलिनचा घेतला असता तर भर दर्यात साखर एकदम खाली गेली असती. त्यांनी दुकानातूनच डॉक्टरांना फोन लावला आणि डोस पुन्हा ठरवून घेतला. खरं तर मामांचा जीव तिथे वाचला असं आम्ही मानतो.

गोळ्या मोजून देणं एवढंच फार्मासिस्टचं काम नाही. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमावलीत औषध कसं ठेवायचं, कशासोबत घेऊ नये, डोस चुकला तर काय करायचं हे रुग्णाला समजावणं त्यांचं काम म्हणून लिहिलंय. अमेरिकेत ॲशव्हिल नावाच्या शहरात १९९६ पासून पालिकेच्या मधुमेही कर्मचाऱ्यांना गावातल्याच फार्मासिस्टांनी नियमित भेटायला सुरुवात केली. लोकांची साखर सुधारली, आजारपणाच्या रजा कमी झाल्या, उपचारांचा एकूण खर्चही घटला. आपल्याकडे मात्र कित्येक दुकानांत काउंटरवरचा पोरगाच स्ट्रिप कापून देतो आणि आपणही घाईत असतो. दोष दोघांचा.

आपल्या धंद्यात विचारण्यासारखं पुष्कळ आहे. जाळी ओढून कंबर धरली की दुखण्याची गोळी घेतो. तीच रोज घेतली तर बीपी वाढू शकतं, किडनीला त्रास होतो. सर्दीच्या आणि बोट लागण्याच्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते. रात्री सुकाणूवर असणाऱ्याने त्या घेण्याआधी विचारलंच पाहिजे. पण आपण दर्यावर जातो, हे समोरच्याला सांगितलं नाही तर त्याला कळणार कसं?

१ ऑगस्टला बोटी सुटतील. त्याआधी एका सकाळी घरातल्या सगळ्या चालू गोळ्या पिशवीत भरून फार्मसीत न्या. गर्दी नसताना जा, आणि फार्मासिस्ट स्वतः आहेत का ते आधी विचारा. मामांची बाटली आता केबिनमध्ये, त्यांच्या पानाच्या डब्याशेजारी असते.