गालिपपर्यंतचं पाणी

फोर्ट कोचीच्या ॲस्पिनवॉल हाउसमध्ये एकेकाळी मिरी, सुंठ, कॉफी, काथ्या असा माल भरलेला असायचा. डिसेंबर २०१६मध्ये कोची-मुझिरिस बिएनाले या कलाप्रदर्शनाचं तिसरं पर्व सुरू झालं, तेव्हा तिथल्या एका लांबलचक गोदामात समुद्राचं पाणी भरलं होतं. चिलीचे कवी राऊल सुरिता यांचं ते मांडणशिल्प, ‘सी ऑफ पेन’, म्हणजे दुःखाचा समुद्र.

दाराशी चपला काढायच्या आणि उतरायचं. मल्याळी पुरुषांना काहीच अडचण नव्हती. मुंडू दुमडला की झालं. बाकीचे पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळत होते, बायका निऱ्या वर खोचत होत्या. माझ्यामागच्या जोडप्यातलं कुणीतरी मराठीत म्हणालं, “आत नुसतं पाणीच दिसतंय गं.”

खरंच नुसतं पाणी होतं. पण त्यात घाई करता येत नाही. पाऊल उचललं की पाणी ओढून धरतं, आणि पुढचं पाऊल आपण जपून, चाचपत टाकतो. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर मोठ्या कापडांवर छोटे छोटे प्रश्न लिहिलेले होते: ऐकू येण्याबद्दल, दिसण्याबद्दल, परत येण्याबद्दल. चालताना आपल्याच पायांची खळखळ कानात भरते, म्हणून वाचायला थांबावं लागतं. थांबलं की दाराशी नुकतंच उतरलेल्या कुणाची तरी लाट येऊन पोटरीला लागते. कितीही एकटं उभं राहा, दुसऱ्याचं चालणं अंगाला लागतंच.

शेवटच्या भिंतीवरचा मजकूर गालिप कुर्दीसाठी होता. २ सप्टेंबर २०१५ रोजी तुर्कस्तानातल्या बोद्रुमजवळच्या किनाऱ्यावर वाहून आलेल्या आलान कुर्दी या चिमुकल्या सीरियन निर्वासिताचं छायाचित्र जगाने पाहिलं. लाल शर्ट, निळी पँट, वाळूत टेकलेला चेहरा. निर्वासितांना नेणाऱ्या त्याच बोटीत त्याचा पाच वर्षांचा भाऊ गालिप आणि आई रेहानाही बुडाली होती. कुटुंबातले वाचले ते फक्त वडील, अब्दुल्ला. आलानचं नाव सगळ्यांच्या तोंडी झालं. गालिप मात्र बातमीच्या तळाशी एका ओळीत उरला. सुरिता त्या भिंतीवर या पोराला आपला मुलगा म्हणतात.

हे म्हणण्याचा हक्क त्यांना कुठून आला, ते त्यांच्या आयुष्यात दिसतं. ११ सप्टेंबर १९७३ला चिलीत लष्करप्रमुख पिनोशेने सत्ता बळकावली, त्याच दिवशी वाल्पाराइसोमध्ये तरुण सुरितांना पकडलं आणि बंदरातल्या ‘माइपो’ या मालवाहू बोटीच्या तळघरात शेकडो कैद्यांबरोबर कोंडलं. पुढे त्या राजवटीने कित्येकांना मारून समुद्रात टाकलं. लष्कराकडून आलेली ही कबुली चिलीच्या राष्ट्राध्यक्षांनी २००१मध्ये देशाला सांगितली. ज्या घरांतली माणसं गेली, त्यांना दहन नाही, दफन नाही, डोकं टेकायला जागा नाही. सुरितांच्या कवितेत समुद्र म्हणजे तीच दफनभूमी. भूमध्य समुद्रातलं मूल त्यांना परकं वाटलंच नसेल.

बिएनालेच्या त्या पर्वातल्या कलाकृतींची निवड केली होती मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या सुदर्शन शेट्टींनी. दृश्यकलेच्या प्रदर्शनात एका कवीला एवढी मोठी जागा द्यायची आणि त्या जागेत चित्र एकही नाही, हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. आलानचं ते छायाचित्र तिथे लावलं असतं, तर आपण पुन्हा त्याच्याकडेच पाहिलं असतं. आणि हीच कविता कोरड्या दालनात टांगली असती, तर मी ती अर्ध्या मिनिटात वाचून पुढच्या दालनाकडे वळले असते. इथे गालिपच्या नावापर्यंत पोचायला भिजावं लागलं, आणि ते वाचून झाल्यावरही समोर तेवढंच पाणी होतं. तेच तुडवत परत यायचं होतं. “नुसतं पाणी” म्हणणारं ते जोडपं परतताना माझ्यापुढे होतं. दोघांनी एकमेकांचा दंड धरला होता.

मार्च २०१७मध्ये ते पर्व संपलं. मुंबईच्या गोदीतही अशी जुनी, उंच छपरांची गोदामं आहेत आणि समुद्र तर दाराशीच आहे. हे काम एकदा तिथे मांडलं जावं, असं मला मनापासून वाटतं.