एक व्होल्टचे चित्र, बारा व्होल्टचा कॅमेरा

दिवा–पनवेल रेल्वेमार्गावरच्या नावड्यात आज उंच इमारती उभ्या आहेत. अशा इमारतींच्या फाटकांवर, जिन्यांत सुरक्षा कॅमेरे असतात. दिवसा स्वच्छ दिसणारे चित्र रात्री मात्र लुकलुकते किंवा नाहीसे होते, ही तक्रार अनेक ठिकाणी ऐकू येते. कॅमेरा बिघडला असे समजून नवा आणला जातो. तोही रात्री तसाच वागतो! दोष कोठे असेल, हे ओहमच्या नियमाने शोधता येते का ते पाहू.

जुन्या अॅनालॉग पद्धतीच्या कॅमेऱ्याला दोन जोडण्या असतात. एकीतून 12 व्होल्टचा एकदिश पुरवठा कॅमेऱ्याकडे जातो. दुसरीतून चित्राचा संदेश कॅमेऱ्याकडून बाहेर येतो. या संदेशाचा चढउतार तळापासून माथ्यापर्यंत जेमतेम 1 व्होल्ट असतो. त्यातील 0.7 व्होल्ट काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटा दाखवतात, उरलेले 0.3 व्होल्ट चित्राची प्रत्येक ओळ कोठे सुरू होते हे सांगणाऱ्या स्पंदासाठी असतात. आपल्याकडच्या पाल पद्धतीत अशा 15,625 ओळी दर सेकंदाला येतात. मल्टिमीटर इतक्या वेगाने बदलणारे विभवांतर नीट दाखवू शकत नाही. त्यावर 1 व्होल्ट दिसला नाही म्हणून संदेश कमकुवत आहे असे मानू नये.

संदेश घेणाऱ्या यंत्रात 75 ओहमचा रोध असतो. त्यावर सतत 1 व्होल्ट असले तरी शक्ती 1 × 1 ÷ 75, म्हणजे सुमारे 0.013 वॅट होते. तेथे चुकून 12 व्होल्ट जोडले तर? 12 × 12 ÷ 75, म्हणजे 1.92 वॅट! एवढीशी शक्ती पेलण्यासाठी बसवलेला रोध जळू शकतो. संदेश म्हणजे निरोप आहे, पुरवठा म्हणजे अन्न.

आता रात्रीचे कोडे. अंधार पडला की कॅमेऱ्यातील अवरक्त दिवे लागतात आणि विद्युतधारा वाढते. समजा, ती दिवसा 0.1 आणि रात्री 0.4 अँपियर आहे. कॅमेरा 40 मीटर दूर आहे. जाऊन-येऊन 80 मीटर तार झाली. तांब्याच्या तारेचा छेद 0.2 चौरस मिलिमीटर असेल, तर तिचा रोध सुमारे 7 ओहम येतो. दिवसा तारेत 0.7 व्होल्ट खर्ची पडतात, रात्री 2.8. कॅमेऱ्याला उरतात 9.2 व्होल्ट! 0.75 चौरस मिलिमीटरची तार वापरली तर रात्रीची घट 0.8 व्होल्टपेक्षाही कमी राहते.

म्हणून विभवांतर अॅडॉप्टरपाशी नव्हे, कॅमेऱ्यापाशी मोजावे. तेही रात्री, कॅमेरा चालू असताना. कॅमेरा काढून मोजले तर धाराच नसते, म्हणून घटही नसते, आणि मीटर 12 व्होल्ट दाखवून आपली फसवणूक करतो.

वर्गात कॅमेऱ्याऐवजी वाहनाचा 12 व्होल्ट, 5 वॅटचा बल्ब घ्यावा. 12 व्होल्ट, 1 अँपियरच्या अॅडॉप्टरला तो थेट जोडून त्याच्या टोकांवरचे विभवांतर मोजावे. मग 6.8 ओहम, 5 वॅटचा रोध एकसर जोडून पुन्हा मोजावे. त्यानंतर बल्ब काढून सुट्या टोकांवर मोजावे. तिसऱ्या वेळी मीटर पुन्हा 12 व्होल्टपाशी का येतो, याचे उत्तर विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे.