तुरिया उद्यान, व्हॅलेन्सिया (स्पेन)

नदी कुठे गेली? ऑक्टोबर 1957 च्या महापुरानंतर तुरिया नदी शहराच्या दक्षिणेकडून वळवली. कोरड्या पात्रात महामार्ग होणार होता. नागरिकांनी विरोध करून बाग मिळवली.

विस्तार : सुमारे 9 किलोमीटर. पश्चिमेला बायोपार्क प्राणिसंग्रहालय, पूर्वेला ‘कला आणि विज्ञान नगरी’.

खेळ : धावण्याचा स्वतंत्र मार्ग, सायकल मार्ग, फुटबॉल आणि रग्बीची मैदानं, अ‍ॅथलेटिक्स ट्रॅक.

मुलांसाठी : जमिनीला जखडलेल्या गलिव्हरचा अवाढव्य पुतळा; त्याच्या अंगाखांद्यावरून घसरगुंड्या.

प्रवेश : बागेत मोफत, बायोपार्क आणि ‘कला आणि विज्ञान नगरी’तल्या विज्ञान संग्रहालयाला तिकीट.

कसं जायचं? मेट्रोनं आलामेदा स्थानक. ते पात्राखालीच आहे.

कधी? जुलै-ऑगस्टमध्ये ऊन कडक. सकाळी किंवा संध्याकाळी जावं.