धुराचा हिशेब

थंडीच्या दिवसांत पहाटे गावाकडे पाहा. चुलींचा धूर वर जात नाही. घरांवरच तरंगत राहतो. ऊन चढले की पांगतो. चुली त्याच, लाकडे तीच. मग फरक कशाने पडला? हवेने! थंड हवा जड असते. ती जमिनीलगत बसून राहते. वर उबदार हवेचे झाकण पडते, अन् धूर खाली कोंडतो.

दिल्ली शहरात दर हिवाळ्यात असेच होते. तिथे मोटारींचा आणि कारखान्यांचा धूर असतो. बांधकामाची धूळ असते. शेजारच्या राज्यांत भाताचे काड जाळतात, त्याचाही धूर येतो. त्यातले काही कण केसाच्या विसाव्या हिश्श्याहूनही बारीक असतात. ते श्वासाबरोबर फुप्फुसात खोल जातात. लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना त्याचा त्रास फार.

मग सरकारने बंद काय करावे? मोटारी? कारखाने? बांधकाम? बांधकाम थांबले की मजुराची रोजी बुडते. एवढे करून धूर भलतीकडचाच निघाला तर? आग सोमेश्वरी अन् बंब रामेश्वरी! म्हणून आधी हिशेब करावा लागतो. तो कसा करतात ते आपण पाहू.

नकाशावर शहराचे लहान लहान चौकोन पाडतात. कोणत्या चौकोनात किती धूर निघतो ते लिहितात. वारा कुठला, थंडी किती, तेही मांडतात. संगणक आकडेमोड करतो आणि कुठे किती धूर साचेल ते सांगतो. शहरात हवा मोजणारी यंत्रे असतात. त्यांच्या आकड्यांशी हे उत्तर ताडून पाहतात.

उत्तर जुळले की हिशेबात एकच गोष्ट बदलतात. समजा, मोटारी निम्म्या धरल्या. वारा तोच, थंडी तीच. आता धूर किती? दोन उत्तरांतला फरक म्हणजे त्या नियमाचा गुण. नाही तर धूर नेला वाऱ्याने, अन् नाव झाले नियमाचे!

आपल्या पुण्यातल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने दिल्लीसाठी असा हिशेब बसवला. २०१८ साली तिने धुराचा अंदाज आधी सांगण्याची सोय केली. २०२१ साली कोणत्या धुराचा वाटा किती, हेही सांगण्याची सोय झाली. २०२२ साली दिल्लीचे नियम बदलले. अंदाज वाईट आला तर धूर साचण्याची वाट न पाहता आधीच बंदी घालता येऊ लागली.

नुसत्या हिशेबाने हवा साफ होत नाही. नोंद चुकली तर उत्तरही चुकते. पण शहरात राबणाऱ्या माणसाला श्वासही हवा आणि पोटाला भाकरीही हवी. दोन्ही सांभाळायचे तर अंदाजपंचे कारभार चालायचा नाही.