एकट्यानें खेळावयाचा युद्धपट व खांदेरीचे कागद

देवळांच्या ओवऱ्यांत फरशीवर कोरलेले वाघबकरीचे पट आमच्या वाचकांनीं पाहिले असतील. वाघ थोडे, बकऱ्या पुष्कळ. दोघांचें सामर्थ्य निराळें आणि हेतुही निराळा. बुद्धिबळांत दोन्ही सैन्यें सारखीं असतात, येथें तसें नाहीं. बेटावर उतरूं पाहणारें सैन्य व तेथें दबा धरून बसलेलें सैन्य यांचें युद्ध याच जातीचें होय. अशा युद्धांवर अमेरिकेंत जे छापील पट निघाले आहेत, त्यांपैकीं एक भंडाऱ्यास आम्हांस खेळावयास मिळाला. भंडारा जिल्हा तळ्यांचा. समुद्र येथून शेंकडों मैल दूर. तथापि त्या पटामुळें कोंकणांतील एका जुन्या प्रकरणाकडे नव्यानें पाहावेसें वाटलें, म्हणून हें टिपण.

पटाचें नांव ‘डी-डे ॲट तारावा’. कर्ता जॉन बटरफील्ड. प्रकाशनाचें साल २०१४. पटावर पॅसिफिक महासागरांतील बेशिओ बेटाचा नकाशा असून त्यावर षट्कोणी घरें आंखलीं आहेत. खेळणारा एकच, आणि तो अमेरिकनांच्या बाजूचा. जपानी बाजूस कोणी बसत नाहीं. तें काम पत्त्यांच्या गठ्ठ्याकडे सोंपविलें आहे. प्रत्येक जपानी ठाण्यास एक रंग दिलेला असतो, व त्या ठाण्याच्या माऱ्यांत येणाऱ्या घरांवर त्याच रंगाची खूण असते. पत्ता उलटला कीं ज्या रंगाचीं ठाणीं निघतील त्यांनीं मारा केला असें समजावयाचें. ठाण्यामागें किती बळ लपलें आहे तें पालथ्या सोंगट्यांखालीं झांकलेलें असतें. म्हणून खेळणारा एकटा असूनही शत्रूचा बेत त्यास आधीं ठाऊक नसतो. पत्त्याच्या खेळांतल्याप्रमाणें स्वतःचीच लबाडी करण्याचा मोह मात्र येथेंही होतो, हें कबूल केलें पाहिजे.

मूळ लढाई २० नोव्हेंबर १९४३ रोजीं सुरू झाली. बेट सुमारें ३ किलोमीटर लांब, भोंवतीं प्रवाळाचा खडक. भरतीच्या वेळीं होड्या खडकावरून तरून जातील असा अमेरिकन सेनापतींचा हिशेब होता. त्या होड्यांस सुमारें ४ फूट पाणी लागे. तेथें अनेक वर्षें राहिलेल्या मेजर हॉलंड यानें ३ फुटांहून अधिक पाणी मिळणार नाहीं, असें आधींच बजावलें होतें. तसेंच झालें. होड्या खडकावर अडकल्या, आणि शिपायांस गोळ्यांच्या माऱ्यांत पाण्यांतून दूरवर चालत जावें लागलें. ७६ तासांत सुमारें १००० अमेरिकन पडले. बेटावरील साडेचार हजारांहून अधिक लोकांपैकीं १४६ जिवंत हातीं लागले. पुढें १९८७ सालीं गणितानें दाखविण्यांत आलें कीं, त्या दिवशीं चंद्र वद्य अर्धबिंबाचा असून पृथ्वीपासून दूरही होता. आपल्या पंचांगानें ती कार्तिक वद्य अष्टमीच्या सुमाराची तिथि. कोंकणांतला कोळी तिला भांग म्हणतो, व त्या दिवशीं उधाणाची आशा करीत नाहीं.

आतां खांदेरी. मुंबई बंदराच्या तोंडाशीं, थळच्या किनाऱ्यासमोर असलेलें हें बेट शिवाजी महाराजांनीं १६७९ सालीं बांधावयास घेतलें. त्या कामावर मायनाक भंडारी होता. (नामसादृश्यावरून आमच्या जिल्ह्याशीं त्याचा संबंध कोणी जोडूं नये.) मुंबईकर इंग्रजांनीं जहाजें पाठवून बेट कोंडण्याचा यत्न केला. १८ ऑक्टोबर रोजीं दौलतखान आरमार घेऊन चालून आला. इंग्रजांचें ‘डव्ह’ गलबत मराठ्यांच्या हातीं पडलें, आणि कॅप्टन केग्विन यानें ‘रिव्हेंज’ जहाजावरून झुंज दिली. परंतु इंग्रजांचीं जड जहाजें वाऱ्यावर अवलंबून, मराठ्यांच्या नावा उथळ व वल्ह्यांच्या. रात्रीं त्या चुकवून जात, आणि बेटास रसद पोंचे. पुढें सिद्दीनें उंदेरी बळकाविली. इंग्रजांनीं १६८० च्या आरंभीं तह करून माघार घेतली.

वरील १८ ऑक्टोबर ही तारीख इंग्रजांच्या जुन्या कालगणनेची आहे. हल्लींच्या गणनेनें ती २८ ऑक्टोबर होते, व आमच्या गणितानें तिथि आश्विन वद्य अष्टमी-नवमीच्या सुमारास येते. म्हणजे तारावाप्रमाणेंच भांगाचें पाणी! दहा दिवसांचा फरक जो विसरेल, तो कोजागिरीच्या आसपास जाऊन पडेल आणि त्या दिवशीं उधाण होतें असें लिहून बसेल. भांगांत प्रवाह मंद असतो, आणि तो वल्ह्यांच्या नावांस सोईचा पडावा असा आमचा तर्क आहे.

खांदेरीचा असा पट करावयाचा झाल्यास कोणाचें आसन रिकामें ठेवावें? १९३१ सालीं पुण्यास छापलेल्या ‘इंग्लिश रेकॉर्ड्स ऑन शिवाजी’ या संग्रहांतील पत्रांवरून इंग्रजांस कोणत्या दिवशीं काय ठाऊक होतें तें कळतें. मराठ्यांचे निर्णय तेथें केवळ परिणामरूपानें दिसतात. तेव्हां खेळणारानें इंग्रज व्हावें व मराठी बाजू पत्त्यांकडे द्यावी, हें सोपें. आमचा आक्षेप येथेंच आहे. तसें केल्यास दौलतखानाची योजना ही पत्त्याची लहर ठरते, आणि शत्रूस जें अकस्मात् वाटलें तेंच आपण इतिहास म्हणून मांडतों. रसदेचा हिशेब, नावाड्यांचा रोजमुरा, बांधकामास लागलेला चुना, असले मोडी कागद मिळतील तरच तें आसन माणसानें भरतां येईल.

असा कागद ज्यांच्या संग्रहांत असेल त्यांनीं त्याची नक्कल प्रसिद्ध करतांना मूळची तिथि व वार जसेच्या तसे छापावे. शेजारीं इंग्रजी तारीख द्यावयाची असेल तर ती जुनी कीं नवी हेंही लिहावें.