निफाडच्या पूर्वेला आणि पश्चिमेला

बौद्ध तीर्थयात्रा म्हटली की डोळ्यांसमोर हिमालय उभा राहतो: भूतानमध्ये पारोच्या कड्याला बिलगलेला तक्तसांग मठ, काठमांडूचे स्वयंभूनाथ आणि बौद्धनाथ. ती ओढ रास्तच आहे. निफाडकरांच्या पायाखालचा रस्ता मात्र या यादीत कधी येत नाही. नाशिकहून छत्रपती संभाजीनगरकडे (पूर्वीच्या औरंगाबादकडे) जाणारा हा रस्ता निफाडवरून जातो. पश्चिमेला नाशिकजवळ त्रिरश्मी डोंगरातली लेणी आहेत, पूर्वेला येवल्याची मुक्तिभूमी, जिथे बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली. सकाळी निघाले तर दोन्ही पाहून दिवेलागणीला घरी परतता येते. एक ठिकाण पुरातत्त्वाचे आणि दुसरे राजकारणाचे, अशी वाटणी आपण करून टाकली आहे. माझ्या मते ही एकच यात्रा आहे, कारण दोन्ही जागांना पावित्र्य आले ते माणसांनी चारचौघांत जाहीर केलेल्या शब्दामुळे.

त्रिरश्मीला लोक पांडवलेणी म्हणतात, पण तिथल्या 24 लेण्यांचा पांडवांशी काडीचा संबंध नाही. शिलालेखांत डोंगराचे नाव ‘तिरण्हु’ असे येते. दहाव्या लेण्याच्या ओसरीत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा दानलेख आहे. त्याने 3,000 कार्षापण नाणी गोवर्धनच्या श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघांकडे, कायमची ठेव म्हणून ठेवली. त्यातले 2,000 कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या दराने, उरलेले 1,000 दुसऱ्या श्रेणीकडे पाऊण टक्क्याने. त्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी पैसे मिळायचे. हा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला आणि रीतीप्रमाणे नोंदवला, असेही लेख सांगतो. तिसऱ्या लेण्यातले गौतमीपुत्र सातकर्णीचे फर्मान याहून बोलके आहे. काखडी गावात भिक्खूंना दिलेले शेत कसले जात नाही, गावही ओस आहे, म्हणून त्याऐवजी नगराच्या शिवेवरची 100 निवर्तने राजशेती द्यावी, असा त्याचा हुकूम आहे. दिलेला शब्द पडीक जमिनीत फसला, हे राजाने दगडावर कबूल केले. पुढे आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळात विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने आजारी भिक्खूंच्या औषधपाण्यासाठी कुंभार, तेली आणि जलयंत्रे करणाऱ्यांच्या श्रेणींकडे पैसे ठेवले. चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर तर धंभिक गावाच्या दानाची नोंद आहे.

यावर पहिला आक्षेप असा, की हिमालयातले मठ जिवंत आहेत आणि ही लेणी मुकी. तिथे पहाटेचे मंत्रपठण असते, इथे पुरातत्त्व खात्याची पाटी. हा फरक खरा आहे. पण संघाला कापड कुणी दिले, औषध कशातून आले, हे इतक्या उघडपणे सांगणाऱ्या भिंती थोड्याच. लुंबिनीचा अशोकस्तंभही बुद्धजन्माबरोबर गावाला दिलेली करसवलत नोंदवतो. श्रद्धेच्या शेजारी हिशेब लिहिणे ही जुनी बौद्ध रीत आहे, आणि त्रिरश्मी तिचे दफ्तर आहे.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. येवल्यात 13 ऑक्टोबर 1935 रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले. बुद्धाचा धम्म त्यांनी स्वीकारला तो नागपूरला, 14 ऑक्टोबर 1956 रोजी. मग येवला बौद्ध तीर्थ कसे? तारखांच्या हिशेबाने हे बरोबर आहे. पण असा काटेकोर निकष लावला तर त्रिरश्मीही त्यात बसत नाही. तोच उषवदात त्याच लेण्यातल्या लेखांत ब्राह्मणांना दिलेली दाने आणि नद्यांवर फुकट चालवलेल्या नावा अभिमानाने सांगतो. तीर्थाला आधी कोरा इतिहास लागतो असे नाही. दलितांच्या प्रवेशासाठी 1930 साली सुरू झालेला नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह पाच वर्षे चालला, दार उघडले नाही, आणि त्या बंद दारातून येवल्याची घोषणा निघाली. एकवीस वर्षांनी ती पुरी झाली. गौतमीपुत्राने फसलेले दान दुरुस्त केले, बाबासाहेबांनी दिलेला शब्द पाळला. दोन्ही ठिकाणी सभा आहे, साक्षीदार आहेत आणि बोलल्याची जबाबदारी आहे.

म्हणून हिमालयात जरूर जावे, पण त्याआधी एक दिवस या रस्त्याला द्यावा. सकाळी त्रिरश्मीच्या पायऱ्या चढून दहाव्या लेण्याच्या ओसरीत कोष्ट्यांच्या ठेवीचा लेख पाहावा आणि दुपारी येवल्याला पोचावे. ते गावही पैठणी विणणाऱ्यांचेच आहे.