दफाची पाठ बघा

संग्रहालयात इराणी दफ हे चर्मवाद्य दिसलं तर समोरच्या कातड्यापेक्षा त्याची पाठ बघावी. लाकडी चौकटीच्या आतल्या कडेला धातूच्या बारीक कड्या ओळीने अडकवलेल्या असतात. दफ झटकला की त्या कातड्यावर आपटतात आणि थापेच्या खोल नादावर खणखणाट चढतो.

हा नाद तारेसारखा सुरेल का नाही? तारेचं दुसरं कंपन मूळ कंपनाच्या दुप्पट असतं. ताणलेल्या गोल पडद्याचं मात्र सुमारे १.५९ पट. असे बेहिशेबी गुणोत्तरांचे नाद एकत्र आले की कानाला ठाम सूर सापडत नाही. लयीला त्याचीच मदत होते, असं मला वाटतं.

दफावरचं बकऱ्याचं कातडं हवेतली ओल शोषून ढिलं पडतं, आवाज उतरतो. आपले हलगीवाले हलगी शेकतात ते याचसाठी. उलट फार कोरड्या हवेत कातडं ताणून फाटू शकतं. म्हणून संग्रहालयं हवेतली आर्द्रता सांभाळतात.

इराणच्या कुर्दिस्तानात, विशेषतः सनंदजच्या परिसरात, सुफी खानकाहांमध्ये, म्हणजे मठांमध्ये, जिक्रच्या (ईश्वराच्या नामस्मरणाच्या) वेळी दफ घुमतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बिजन कामकार यांच्यासारख्या कुर्द वादकांनी तो मैफलीच्या मंचावर आणला. आता बरेच वादक कृत्रिम पडदा लावतात. त्याला पावसाचं भय नाही.